माझ्या बाबांना पाडणाऱ्या केतकीस

केतकी,

शनिवारी तुझ्या शोकसभेत माझे बाबा बोलले. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. चँडलरच्या त्या फ्युनरल होममध्ये ते सगळ्यांच्या आधी येऊन पहिल्या रांगेत बसले होते, करडा सूट, हातात पांढरी फुलं. तू निवडून आणलेले आमदार एकेक करून बोलून गेले. कुणी म्हणालं तू नसतीस तर मी आजही शाळेत शिकवत असतो, कुणी म्हणालं तुझ्यासारखं राज्यात कुणी नव्हतं. मग बाबा उठले. माइक जरा खाली घेतला आणि म्हणाले, "केतकी आमच्या घरातलीच मुलगी. तिने मला निवडणुकीत हरवलं. राजकारणात असं चालायचंच. मी तिला केव्हाच माफ केलंय."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत टाळ्या वाजवत नाहीत, पण वाजवल्या. एका आमदाराने तर त्यांचा हात दोन्ही हातांत धरला. आई माझ्या शेजारी बसली होती. तिने पर्स उघडली, आत काहीतरी शोधल्यासारखं केलं आणि पर्स बंद केली.

तू असतीस तर हळूच म्हणाली असतीस, "काकांना अजून जमतं, यार."

आयुष्यभर मी तुझ्याशी मराठीत भांडले आणि तू माझ्याशी इंग्रजीत. म्हणून हेही मराठीतच लिहिते. तुझ्याबद्दल शनिवारी जे बोललं गेलं ते सगळं खरं होतं. पण त्या हॉलमध्ये जी एक निवडणूक कुणी नीट आठवली नाही, तिच्याबद्दल मला तुझ्याशी बोलायचंय.

आपण इलिनॉयमध्ये शॉमबर्गला शेजारी राहायचो तेव्हा मी नुकतीच पुण्याहून आले होते आणि तू तिथेच जन्मलेली. तुला मराठी समजायचं, पण बोलायची लाज वाटायची. माझी आई तुला मराठी बोलायला लावायची, चुकलीस की हसायची नाही. तिला तू वसुधाकाकू म्हणायचीस, बाबांना सुधीरकाका. तुझी आई माझी नीलामावशी.

एका हिवाळ्यात बाबा ऑफिसला गेल्यावर आईने मला बूट घालायला सांगितले आणि आम्ही बर्फातून तुमच्या दाराशी आलो. आईने मानेभोवती स्कार्फ घट्ट गुंडाळला होता. मावशीने दार उघडलं, स्कार्फ सोडवला आणि आम्हाला आत घेतलं. तू मला तुझा पलंग दिलास आणि स्वतः खाली गालिच्यावर झोपलीस. माझे पाय गार पडतात म्हणून तुझे लोकरीचे मोजे दिलेस. मावशीने आईला वकिलाकडे नेलं, कोर्टात नेलं. काही दिवस मला वाटलं, आपण आता इथेच राहणार. मला ते आवडायलाही लागलं होतं.

मग एका रविवारी बाबा आले. मिठाईचा डबा घेऊन आले. महाराष्ट्र मंडळातले दोन काका त्यांच्याबरोबर होते. मोठी माणसं बैठकीत बसली, चहा झाला. आपण दोघी जिन्यावर बसून ऐकत होतो, पण खालून नुसता पुरुषांच्या बोलण्याचा आवाज येत होता, मधेच हसण्याचाही. थोड्या वेळाने आईने मला हाक मारली आणि कोट घालायला सांगितलं. आम्ही गाडीत बसलो. तू खिडकीत उभी होतीस. मावशीने तुला मागून घट्ट धरलं होतं. तिने त्या दिवशी तुला बजावलं की हे कुणाला सांगायचं नाही. कोर्टातला अर्ज आईने मागे घेतला.

पुढे बाबांना चँडलरला चिप बनवणाऱ्या कंपनीत मोठी जागा मिळाली आणि आम्ही ॲरिझोनाला आलो. इथे बाबा गणपतीची आरती म्हणायचे, नवीन आलेल्या पोरांना घर शोधून द्यायचे, सगळ्यांचे सुधीरकाका झाले. घरात काय चालायचं ते मला ठाऊक होतं. तू कॉलेजसाठी फीनिक्सला आलीस तेव्हा दर रविवारी जेवायला यायचीस आणि टेबलावर आईच्या मनगटांकडे बघायचीस. बाबांशी मात्र गोड बोलायचीस. मला वाटायचं, तू विसरलीस.

कॉलेजमध्ये असतानाच तू कुणाच्या तरी प्रचाराला गेलीस आणि मग तेच तुझं काम झालं. मी तुझ्याबरोबर एकदाच दारोदार हिंडले, भर जूनमध्ये, डोक्याला ओला रुमाल बांधून. एका म्हाताऱ्याने आपल्याला दारात उभं करून सरकार, कर, रस्ते, सगळ्यांवर राग काढला. तू शांतपणे ऐकत राहिलीस, पाणी मागितलंस, त्याचे आभार मानलेस. गाडीत बसल्यावर मी म्हटलं, "वाया गेला वेळ."

"तो नाही देणार मत," तू म्हणालीस. "पण त्याची बायको देणार. ती दाराच्या मागे उभी होती. पाणी तिनेच आणलं."

मला ती दिसलीच नव्हती.

तुला ते दिसायचं, म्हणून तू मोठी झालीस. राज्याच्या विधानसभेच्या, सिनेटच्या, शाळांसाठीच्या जनमताच्या निवडणुका तू इतरांसाठी लढवल्यास. शिक्षक, नर्स, निवृत्त फौजी, कुणीही तुझ्याकडे यायचे, देश सुधारायचा म्हणून लांबलचक भाषण घेऊन यायचे, आणि तू त्यांना म्हणायचीस, "यातलं एक वाक्य ठेवा." एक शाळामास्तरीण तुझ्या ऑफिसात रडली होती, अनोळखी माणसांना फोन करून देणग्या मागायला तिला जमेना. तू तिच्याजवळ बसून तिच्या फोनवर स्वतः नंबर लावून दिलास, एकामागून एक. ती निवडून आली. निकालाच्या दिवशी तू स्टेजवर कधीच चढली नाहीस.

आणि पडलेल्या उमेदवारांबद्दल शनिवारी कुणी बोललं नाही, तेही तुझेच होते. निवडणूक संपली की तुझ्याकडे काम नसायचं, मग तू माझ्याकडे येऊन दिवस दिवस झोपायचीस. माझं लग्न मोडलं तेव्हा ऐन प्रचार सोडून आलीस, सोफ्यावर राहिलीस, माझ्यासाठी वरण-भात लावलास आणि एकदाही म्हणाली नाहीस की मी तुला आधीच सांगितलं होतं. तू सांगितलं होतंस. हे उपकार मी विसरले नाही. पुढचं लिहिताना हे मला मुद्दाम आठवावं लागतं.

तुझ्या कामातली एक गोष्ट मला पटायची नाही. तू म्हणायचीस, लोक एखाद्याच्या बाजूने मत देत नाहीत, दुसऱ्याच्या विरोधात देतात. मी म्हणायचे, हे तुम्हा लोकांनीच करून ठेवलंय. तू हसायचीस. "शरू, तू गणित शिकव. तिथे बरोबर उत्तर असतं."

बाबा निवृत्त झाले आणि त्यांनी राज्याच्या सिनेटसाठी उभं राहायचं ठरवलं. आमच्या भागात पक्षाची प्रायमरी, म्हणजे उमेदवार ठरवणारी आधीची निवडणूक, जो जिंकतो तो निवडून आल्यातच जमा. त्यांनी तुला जेवायला बोलावलं. श्रीखंड होतं. "केतकी, आता काकाचं काम करायचं," ते म्हणाले.

"नाही काका. मी नाही करणार."

"का? काकाला महाग पडशील?"

"तसं नाही. मी नाही करणार."

ते हसले आणि तुझ्या ताटात आणखी श्रीखंड वाढलं. आई स्वयंपाकघरातून बाहेर आलीच नाही. थोड्याच दिवसांत तू मला फोन करून सांगितलंस की प्रायमरीत बाबांसमोर ज्या बाई उभ्या आहेत, त्यांचं काम तू घेतलंयस. "प्रोफेशनल आहे, शरू. तुला आधी सांगावंसं वाटलं." मी म्हटलं, बघ बाई, तुझं तू जाण. मला वाटलं, रस्ते आणि पाणी यांवरून भांडण होईल.

बाबा पुढे होते. भाषण त्यांना जमतंच. मतदानाच्या थोडे दिवस आधी माझ्या टपालपेटीत तुझं मेलर आलं, ते गुळगुळीत रंगीत पत्रक, प्रचारात घरोघरी येतं तसलं. एका बाजूला बाबांचा हसरा फोटो. दुसऱ्या बाजूला इलिनॉयच्या कोर्टातला अर्ज. पत्नीने नवऱ्यापासून संरक्षण मागितलं होतं, असं मोठ्या अक्षरांत. आईचं नाव काळ्या पट्टीने झाकलं होतं. जणू बाबांना चार बायका होत्या आणि कुठली ते कळू नये.

दुसऱ्या राज्यातल्या त्या कोर्टात जाऊन बघायला हवं, हे तुझ्या ऑफिसातल्या कुणाला सुचलं असतं? ते फक्त आपल्या दोन घरांत माहीत होतं.

मी घरी पोचले तेव्हा आई स्वयंपाकघरात उभी राहून तेच वाचत होती. "हे सगळ्यांकडे गेलं?" तिने विचारलं.

"हो."

"देवळातल्यांकडे पण?"

"आई, सगळ्यांकडे."

तिने ते पालथं घातलं आणि कणीक मळायला घेतली. दुसऱ्या दिवशी इंडियन ग्रोसरीत एका बाईने तिचा हात धरला आणि डोळ्यांत पाणी आणलं. आई सामान तिथेच ठेवून घरी आली. त्यानंतर ती बरेच दिवस बाहेर पडली नाही.

पुढचं तुला कळलं होतं की नाही, मला माहीत नाही. तू बाबांच्या प्रचाराचा तो व्हिडिओ पाहिला असशील, पण तो कसा झाला ते पाहिलं नाहीस. बाबांनी स्वतः कपाटातून जांभळी पैठणी काढून दिली. त्यांच्या मॅनेजरने वाक्यं लिहून आणली. आई सोफ्यावर बाबांच्या शेजारी बसली आणि कॅमेऱ्याकडे बघून म्हणाली, माझ्या पतीने माझ्यावर कधीही हात उगारलेला नाही. पहिल्यांदा अडखळली, म्हणून परत म्हणायला लावलं. बाबांचा हात तिच्या खांद्यावर होता. मी दारात उभी होते. ज्या बाईने आयुष्यात एकदाच, एका कोर्टात, खरं सांगितलं होतं, तिला तू सगळ्या राज्यासमोर ते खोटं म्हणायला लावलंस. बाबांनी लावलं, हे मला कळतं. पण तुझ्या पत्रकाशिवाय ते झालं नसतं.

बाबा पडले. मी तुझ्या ऑफिसात आले, दाताच्या दवाखान्याशेजारच्या त्या छोट्या गाळ्यात. तू प्रचाराच्या पाट्या भिंतीशी रचत होतीस. तू थांबली नाहीस.

"खोटं होतं का त्यात काही?" तूच आधी विचारलंस.

"नाही."

"मग?"

"आईला विचारलंस?"

तू पाटी खाली ठेवलीस. "काकू नाही म्हणाली असती."

"म्हणून नाही विचारलंस?"

"हो."

इतकं सरळ 'हो' ऐकायची माझी तयारी नव्हती. मग तू बोललीस, मराठीत, तू चिडलीस की तुझं मराठी चांगलं व्हायचं. "ती तेव्हा पण नाही म्हणाली होती, शरू. माझ्या आईने सगळं केलं होतं तिच्यासाठी. तरी ती गाडीत बसली. मी खिडकीत होते. मला सांगितलं, कुणाला बोलायचं नाही. मी नाही बोलले. इतकी वर्षं त्याला काका म्हटलं, त्याच्या हातचं श्रीखंड खाल्लं. आता तो कायदे करणार? बायकांसाठी पण कायदे करणार?"

"तू जिंकायला केलंस की त्यांना पाडायला?"

"दोन्ही," तू म्हणालीस. "वेगळं नाही करता येत मला."

तुझं एकही वाक्य मला सहन होत नव्हतं. मी निघून आले. त्यानंतर आपण बोललो नाही. तुझं नाव मी पेपरात वाचायची. तू काहींना निवडून आणलंस, काही पडले. वर्षभराने आईने बाबांचं घर सोडलं. भांडण नाही, काही नाही. एका दुपारी तिने बॅग भरली, मला फोन केला आणि म्हणाली, मला न्यायला ये. तेव्हापासून ती माझ्याकडे आहे. हे तुला कळवावं असं मला वाटलं होतं. मी कळवलं नाही, कारण मग तुला वाटलं असतं की तू बरोबर होतीस.

या उन्हाळ्यात नीलामावशीचा फोन आला. तुझे बाबा गेल्यापासून ती तुझ्याकडेच राहत होती. पोट दुखतंय म्हणून डॉक्टरांनी तुला स्कॅन करायला सांगितला होता आणि तू म्हणत राहिलीस, प्रायमरी होऊन जाऊ दे. मग कुणाची तरी फेरमोजणी, मग पुढची निवडणूक. स्कॅन केलास तेव्हा फार उशीर झाला होता. फक्त वेदना कमी करतात अशा हॉस्पिसमध्ये तुला हलवलं तेव्हा मी आले.

मी दारात उभी राहिले तर तू फोनवर कुणाला तरी सांगत होतीस की मेलरमधला फोटो बदला, त्यात त्या बाई घाबरल्यासारख्या दिसतात. तुझे हात काटकीसारखे झाले होते. फोन ठेवलास आणि म्हणालीस, "तू जाड झालीस." मी म्हटलं, "तू नाही झालीस." तेवढ्यावर आपण हसलो, आणि मग रोज मी येत राहिले. आपण शॉमबर्गच्या शाळेबद्दल बोललो, तुझ्या त्या शाळामास्तरणीबद्दल बोललो. मी तुझ्या ओठांना ओला कापूस लावायची. तू झोपलीस की मी रडायची आणि तुझ्यावरचा राग शोधायची. तो तिथेच असायचा.

एकदा डोळे मिटूनच तू म्हणालीस, "मी सॉरी नाही म्हणणार, शरू. मी परत तेच केलं असतं."

"माहितेय मला."

"काकू कशी आहे?"

मी सांगितलं की ती माझ्याकडे राहते. तू डोळे उघडलेस. "केव्हापासून?" मी सांगितलं. मग विचारलंस, "माझ्यामुळे?"

मी म्हटलं, "नाही. तुझ्यामुळे नाही."

तू मान पलीकडे वळवलीस. ते उत्तर खरं होतं का, मला आजही सांगता येत नाही. आईने कधी कारण सांगितलं नाही. दोन दिवसांनी तुझी शुद्ध गेली आणि आपलं बोलणं तिथेच राहिलं.

शनिवारी घरी परतताना मी गाडीत आईला विचारलं, "तुला केतकीचा राग येतो का गं?"

"येतो."

"तिने विचारलं असतं तर तू काय म्हणाली असतीस?"

"नाहीच म्हटलं असतं," आई म्हणाली. सिग्नल सुटला, मी गाडी पुढे काढली. पुढच्या वळणावर ती आपणहून म्हणाली, "पण निदान विचारलं असतं कुणी. त्या रविवारी नीलाच्या घरी सगळे तुझ्या बाबांशी बोलले. ते म्हणाले, घेऊन जातो. ठीक आहे म्हणाले सगळे. जायचंय का, हे मला कुणीच विचारलं नाही. मी स्वयंपाकघरात कप विसळत होते."

म्हणजे ती नाही म्हणाली नव्हती, केतकी. आपण दोघी जिन्यावर होतो, आपल्याला ऐकू आलं नाही. तुला इतकी वर्षं वाटत राहिलं की तिने तुमचं घर नाकारलं, आणि त्याच समजुतीवर तू तिला न विचारता ते पत्रक छापलंस. हे तुला सांगायला मला फक्त काही दिवस उशीर झाला.

काल आई नीलामावशीकडे गेली. मेलरनंतर त्या दोघी एकमेकींच्या समोर आल्या नव्हत्या. शोकसभेतही दोन टोकांना बसल्या होत्या. मावशी चार दिवस नीट जेवलेली नव्हती, म्हणून आईने जाताना पोळ्या केल्या, मेथीची भाजी केली. मी डबा घेऊन मागे उभी. मावशीने दार उघडलं. ती आईचे हात धरून म्हणाली, "वसुधा, माझ्या मुलीने तुझं फार वाईट केलं. तिच्या वतीने मी माफी मागते."

आईने तिला खुर्चीत बसवलं. ताट घेतलं, पोळी वाढली, भाजी वाढली.

"तिच्या वतीने नको मागूस, नीला," आई म्हणाली. "तिला मागायची नव्हती. जेव आता."